हायड्रॉक्सीयुरिया : 'कॅन्सरची गोळी' सिकलसेलच्या पोराला द्यायची का?

सातपुडा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी धडगाव तालुक्यात आश्रमशाळेवर शिकवतो. आमच्याकडे सातवीत एक मुलगा आहे, सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराचा, एसएस, म्हणजे दोष आई-बाप दोघांकडून आलेला. थंडी पडली की त्याचे हाल सुरू. मांड्या, पाठ, कधी छातीही दुखते. रात्री पोरं त्याचे पाय दाबत बसतात. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल सुरू केली, फॉलिक ॲसिड आधीपासून होतीच. वडील ऊसतोडीला बार्डोलीकडे होते, ते होळीला परत आले. बाटली संपत आली म्हणून ते बाजाराच्या दिवशी मेडिकलवर गेले, तर काउंटरवरच्या पोराने विचारलं, "ही तर कॅन्सरची गोळी. तुमच्या पोराला कॅन्सर आहे का?"

झालं. गोळी बंद. आई रडून रडून अर्धी. मी मोबाईलवर शोधलं तर पहिल्याच ओळीत केमोथेरपी आणि ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. बाप मला विचारतो, "सर, तुमचा पोरगा असता तर दिली असती का?" त्याला काय सांगू?

कोणी स्वतः घेतलीय का, घरात कोणाला चालू आहे का? आणि वसतिगृहात द्यायची तर काय काय सांभाळायचं, तेही सांगा. गुगल नको, अनुभव पाहिजे.

भुसावळ_जंक्शन
आधी त्या काउंटरवरच्या पोराला दोन दिवस पाय दाबायला वसतिगृहात पाठवा.

केळीबाग_रावेर
मास्तर, माझ्या वडिलांना हीच कॅप्सूल होती, आणि त्यांना खरोखर रक्ताचा कॅन्सर होता, सीएमएल. म्हणजे मेडिकलवाला खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. नानांच्या पांढऱ्या पेशी दोन लाखांच्या वर गेल्या होत्या. प्लीहा इतकी वाढलेली की दोन घास खाल्ले की पोट भरायचं. आम्ही महिनाभर गॅसच्या गोळ्या देत बसलो. पुढे मुंबईला परळला नेलं. पेशी पटकन खाली आणायला सुरुवातीला हायड्रॉक्सीयुरिया दिली, सोबत युरिक ॲसिडची गोळी आणि भरपूर पाणी. नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल झाल्याचा रिपोर्ट आला, मग इमॅटिनिब ही सीएमएलची खास गोळी सुरू झाली आणि ही बंद.

नाना आजही बागेत जातात, घडांना पिशव्या चढवताना मजुरांवर ओरडतात. तुमच्या मुलाला कॅन्सर नसताना का देतात ते मला माहीत नाही, जाणकार सांगतील. पण 'केमो' म्हटलं की केस गळणार, उलट्या होणार हे जे डोक्यात येतं, तसलं काही नानांना या कॅप्सूलने झालं नाही. चार दिवस मळमळलं आणि नखांवर काळपट रेघा आल्या, तेवढंच.

अमळनेरची_सून
आमच्याकडे तिसराच प्रकार! सासऱ्यांना ना कॅन्सर म्हणावा तसा कॅन्सर, ना सिकलसेल. पॉलिसायथेमिया व्हेरा. रक्त गरजेपेक्षा जास्त बनतं. चेहरा लालबुंद असायचा आणि गावभर कौतुक, "आबांची तब्येत बघा!" गरम पाण्याने आंघोळ झाली की अंगाला अशी खाज सुटायची की आबा पंचा गुंडाळून ओट्यावर येऊन बसायचे. साबण बदलले, पाणी बदललं, डिटर्जंटवरून माझ्याशी भांडण झालं. एका डोळ्याला अंधारी आली तेव्हा रक्त तपासलं. आता मधूनमधून बाटलीभर रक्त काढून घेतात आणि हायड्रॉक्सीयुरिया रोज. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं असतं. सासूबाई अजून म्हणतात, लोकांना रक्त चढवतात आणि आमच्या यांचं काढतात.

तापीकाठचा_वैद्य
एवढी विषारी औषधं लहान मुलांना कशाला? गव्हांकुराचा रस, बीट, डाळिंब, गूळ-शेंगदाणे द्या, रक्त वाढेल. केमिकलने रक्त सुधारत नाही.

लॅबवाली_ताई
वैद्यबुवा, गूळ-शेंगदाणे जरूर द्या, पोरं आवडीने खातात. पण सिकलसेलमध्ये रक्त 'कमी' हा परिणाम आहे, मूळ दुखणं ते नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. जन्मापासून. ऑक्सिजन सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढचा भाग उपाशी राहतो, तीच ती वेदना. बीटाने हे बदलत नाही. वर अशा पोरांना लोहाच्या गोळ्याही न तपासता देऊ नयेत, ज्यांना वारंवार रक्त चढवलंय त्यांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं.

आता मास्तरांचा प्रश्न. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, एचबीएफ. ते या काड्या होऊ देत नाही. म्हणून सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं, पुढे हातापायांची बोटं सुजायला लागतात. हायड्रॉक्सीयुरिया हे बंद पडत आलेलं एचबीएफ पुन्हा वाढवते. शिवाय पांढऱ्या पेशी कमी करते, त्यामुळे रक्तवाहिनीतली चिकटाचिकट कमी होते. औषध एकच. पेशींना डीएनए बनवायला लागणारं एक एन्झाइम ते अडवतं. ल्युकेमियात त्याचा उपयोग बेसुमार वाढणाऱ्या पेशी रोखायला, इथे डोस बेताचा आणि हेतू निराळा.

मी नंदुरबार जिल्ह्यात लॅबमध्ये आहे. डॉक्टर नाही, डोस विचारू नका.

सातपुडा_मास्तर
ताई, हे मी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. पण बापाला व्हॅलिन कसं सांगू?

लॅबवाली_ताई
व्हॅलिन नका सांगू. "पोटात असताना जे रक्त होतं तसलं थोडं परत आणणारी गोळी" एवढं सांगा. मी तेच सांगते, आयांना लगेच कळतं.

जळगाव_बी.फार्म
माझं दुकान आहे, म्हणून आमच्या धंद्यातल्या माणसाच्या वतीने बोलतो. पाकिटावरच्या माहितीत कर्करोग हा शब्द असतोच, काउंटरवरच्या पोराने तो वाचला. त्याने चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला फोन करायला हवा होता, हे खरं.

थोडा इतिहास. हा पदार्थ १८६९ मध्ये जर्मनीत तयार झाला आणि बरीच वर्षं नुसता बाटलीत पडून राहिला. अमेरिकेत कॅन्सरसाठी मान्यता १९६७ ची. सिकलसेलसाठी मोठी चाचणी झाली ती २९९ प्रौढ रुग्णांवर, १९९५ मध्ये तिचे निकाल आले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांना वर्षाला दुखण्याचे साधारण साडेचार झटके, ही घेणाऱ्यांना अडीच. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. तिथे प्रौढांसाठी मान्यता १९९८ ला, मुलांसाठी २०१७ ला. आपल्याकडे आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ती आहे. जेनेरिक मिळते, महाग नाही.

भुसावळ_जंक्शन
१८६९? म्हणजे आपल्या भुसावळच्या रेल्वे यार्डाच्या जमान्यातली गोळी! तरीच वेळेवर काम करत नसेल.

जळगाव_बी.फार्म
हे मात्र खरं आहे. हिला तीन-चार महिने द्यावे लागतात, कधी सहा. पहिल्या महिन्यात "काही फरक नाही" म्हणून सोडणारे फार. दुखलं की घ्यायची गोळी नाही ही, दुखू नये म्हणून रोज घ्यायची.

नवापूरची_एसएस
मी वाचतेय सगळं. मी स्वतः एसएस आहे, मावची आदिवासी. आता नोकरी करते. ही कॅप्सूल बारावीपासून चालू.

त्याआधीचं सांगते. दहावीला मी वर्गात कमी, खाटेवर जास्त. दुखणं कसं असतं हे लोक विचारतात. हाडाच्या आतून कोणीतरी पिळतंय असं वाटतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ना सूज, ना जखम. म्हणून मावशी म्हणायची नाटकं करते. डोळे पिवळे दिसायचे म्हणून काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे किती वेळा नेलं असेल. भगताकडेही नेलं, त्याचा मला राग नाही, तो निदान हात धरून बसायचा. एका दवाखान्यात मात्र इंजेक्शन मागितलं तर "सवय लागलीय का?" असं ऐकलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

कॅप्सूल सुरू झाल्यावर झटके गेले नाहीत, कमी झाले. आधी ॲडमिट व्हावं लागायचं, आता बहुतेक वेळा घरीच पाणी, शेक आणि साध्या गोळीवर निभावतं. नखं काळी झाली, मी नेलपॉलिश लावते. सुरुवातीला तोंड आलं होतं, डॉक्टरांनी डोस खाली आणला.

मास्तर, त्याच्या बापाला माझा अनुभव सांगा.

पारोळा_पाटील
ताई, हिंमत आहे तुमची. पण मूळ चूक लग्नाच्या वेळी होते. आपण कुंडली बघतो, छत्तीस गुण बघतो, रक्त बघत नाही.

सातपुडा_मास्तर
पाटील साहेब, आमच्या पावरा-भिलांत कुंडली नसते हो. पोरगा-पोरगी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात एकमेकांना बघतात आणि मोकळे होतात. तिथे रिपोर्ट घेऊन कोण उभा राहणार?

पारोळा_पाटील
बरं, कुंडली आमची. मुद्दा तोच.

लॅबवाली_ताई
मुद्दा बरोबर आहे, फक्त घाबरवू नका. एएस म्हणजे वाहक, तो आजारी नसतो, नांगर धरतो, ऊस तोडतो. दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची, दोन वाहकाच्या, एक पूर्ण निरोगी. "पहिलं एसएस झालं, आता पुढची तीन सुटली" असं नसतं. हे दर महिन्याला कोणाला तरी सांगावं लागतं. वाहकाला मलेरियाचा मोठा दणका कमी बसतो, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात हा जीन टिकला. आणि हे फक्त आदिवासींचं नाही, विदर्भात इतर समाजांतही आहे.

शिंदखेडा_आप्पा
आमना गावमा बी एक पोरगी से, तिले हाईच गोयी चालू से. आते ती कॉलेजले जास. घाबरु नका मास्तर.

धुळ्याचा_खवचट
सगळे गोळीचे गोडवे गाताय, मी उलटं बोलतो. माझा चुलतभाऊ सीएमएलचा नाही की सिकलसेलचा नाही, त्याच्या प्लेटलेट वाढल्या होत्या, म्हणून हीच कॅप्सूल दिली. याने रक्तातल्या पेशींचा काउंट करायचं टाळलं. एकदा ताप आला तर पांढऱ्या पेशी इतक्या खाली की आयसीयूत ठेवावं लागलं. हा धुळे शहरातला, लॅब घराखाली. आता मास्तर, तुमच्या पाड्यावर जिथे रेंज यायला टेकडीवर चढावं लागतं, तिथे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त कोण तपासणार? तपासणी होणार नसेल तर गोळी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत. औषध चांगलं आहे, जागा चुकीची आहे.

केळीबाग_रावेर
म्हणजे डोंगरात जन्मला म्हणून दुखणं सोसायचं?

धुळ्याचा_खवचट
असं म्हटलं नाही. आधी तपासणीची सोय करा, मग गोळी द्या, असं म्हटलं.

नवापूरची_एसएस
दादा, तुमचा भाऊ वाचला ना? माझ्या वर्गातली एक वाचली नाही. तिला गोळी चालू नव्हती. छातीत दुखायला लागलं आणि रस्त्यातच गेली. गोळीने कधी काय होतं ते सगळे मोजतात, गोळी न देण्याने काय होतं ते कोणी मोजत नाही.

जळगाव_बी.फार्म
दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. खवचट, तुमच्या शंकेवर आफ्रिकेत काम झालंय. अंगोला, काँगो, केनिया, युगांडा या चार देशांत सहाशेवर मुलांना ही दिली, २०१९ मध्ये ते छापून आलं. भीती हीच होती की तिथे मलेरिया, कुपोषण, जंतुसंसर्ग, मग पांढऱ्या पेशी पाडणारी गोळी कशी देणार. प्रत्यक्षात दुखणं कमी झालं, रक्त चढवणं कमी झालं, मलेरिया आणि इतर संसर्गही कमी झाले, मृत्यूसुद्धा. पण त्या मुलांचं रक्त नियमित तपासलं जात होतं, हेही खरं. नागपूरकडे मुलांमध्ये किलोमागे १० मिलिग्रॅम असा कमी डोस कायम ठेवून चांगला गुण आल्याचं नोंदलं आहे. डोस कमी असला की पेशी पडायचा धोका कमी, म्हणून आपल्या भागासाठी मला ते जास्त पटतं.

लॅबवाली_ताई
खवचट भाऊंचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), डोस बसला की दोन-तीन महिन्यांनी. छापील पत्रकानुसार न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ८०,००० च्या खाली गेल्या की गोळी थांबवतात, पेशी सावरल्या की कमी डोसने पुन्हा. म्हणजे थांबवणं हा उपचाराचाच भाग आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि सीबीसी काही मुंबईची तपासणी नाही, ग्रामीण रुग्णालयात होते. प्रश्न पोराला तिथवर नेण्याचा.

एक गंमत सांगते. गोळी नीट घेणाऱ्याच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात, रिपोर्टमध्ये एमसीव्ही वाढलेला दिसतो. "रोज घेतो हो ताई" म्हणणाऱ्याचा एमसीव्ही जिथल्या तिथे असला की मला कळतं बाटली कुठे पडून आहे. आणि उलटही होतं. नवीन डॉक्टर वाढलेला एमसीव्ही बघून बी-१२ ची इंजेक्शनं लिहून देतात, त्यांना गोळीचं कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून कुठेही गेलात तरी बाटली सोबत न्या.

पारोळा_पाटील
सरकारने २०२३ ला मिशन काढलं ना? १ जुलैला शहडोलला उद्घाटन, सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवणार. मग गोळ्या घरपोच नको का?

सातपुडा_मास्तर
तपासणी खरंच झाली, आमच्या शाळेतही शिबिर झालं, पोरांची बोटं टोचून झाली. पण एका सरकारी दवाखान्यात मधे बराच काळ कॅप्सूलच नव्हती, म्हणून तर बाप मेडिकलला गेला. नाहीतर हा धागाच निघाला नसता.

भुसावळ_जंक्शन
सिकलसेलवाल्यांना एसटी फुकट आहे ना?

नवापूरची_एसएस
साध्या एसटीत आहे, दाखला लागतो. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातही सिकलसेल आहे. पण एसटी पाड्यापर्यंत येते कुठे? मोलगीपासून पुढे जीपच्या टपावर.

अमळनेरची_सून
एक बायकांचं विचारते. सासऱ्यांच्या बाटलीवर गरोदर बाईने हात लावू नये असं लिहिलंय. मी तेव्हा गरोदर होते, सासूबाईंनी बाटली देवघराच्या वर ठेवून दिली. खरंच इतकं असतं?

जळगाव_बी.फार्म
सासूबाई बरोबर. बंद कॅप्सूलने लगेच काही होत नाही, पण कॅप्सूल फोडून पावडर हाताळणं गरोदर बाईने टाळायचंच. इतरांनीही हातमोजे घालावेत किंवा नंतर हात धुवावेत. गोळी घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहू द्यायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, पुरुषांनीही, कारण शुक्रजंतूंची संख्या कमी होऊ शकते. मास्तरांचा विद्यार्थी लहान आहे, पण वयात आला की हे त्याला कोणीतरी सांगायला हवं, नाहीतर तो स्वतःच गुगल करेल.

आणि मास्तर, बाटली ठेवायची जागा. ओलावा आणि ऊन दोन्ही हिला चालत नाही. पत्र्याच्या खोलीत खिडकीत नको, माठाशेजारीही नको. झाकण घट्ट. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल द्यायची नाही.

तापीकाठचा_वैद्य
पाणी भरपूर पाजा, हे तरी माझं ऐका. खान्देशचा उन्हाळा आहे, ४५ डिग्री.

लॅबवाली_ताई
हे शंभर टक्के बरोबर, वैद्यबुवा. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात. थंडी, ताप, दमणूक यांनीही.

सातपुडा_मास्तर
पाणी सगळेच सांगतात. त्याच्या पाड्यावर एप्रिलनंतर झिऱ्यावर रात्री रांग लागते, वाटीवाटीने हंडा भरतात. शाळेत टँकर येतो म्हणून तो शाळेत जास्त बरा असतो, हे आता लक्षात येतंय.

काल बापाशी बसलो. ताईंचं 'पोटातलं रक्त' सांगितलं, नवापूरच्या ताईंचं सगळं सांगितलं, धुळ्याच्या दादांच्या भावाचंही सांगितलं, लपवलं नाही. तो बराच वेळ बिडी ओढत बसला. मग म्हणाला, "त्या बाईला दुखतं अजून?" म्हटलं, दुखतं, पण कमी. म्हणाला, "मग चालू करू, पण रक्त तपासायला मी स्वतः नेणार." सोमवारी धडगावला सीबीसी करून त्याच डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय. ते सांगतील तोच डोस.

अडचण पुढची. मे महिन्यात सुट्टी लागते, पोरगा पाड्यावर जाणार. आणि दिवाळीनंतर बाप पुन्हा ऊसतोडीला.

धुळ्याचा_खवचट
मास्तर, माझं अजूनही मत आहे की काउंट चुकला तर गोळी चुकू द्या. पण बाप स्वतः नेतोय म्हटल्यावर माझी हरकत संपली. सुट्टीपुरती एक गोष्ट पाळा. ताप आला, १०१ च्या वर, तर गोळी थांबवून थेट दवाखाना. भगत, वैद्य, मी, कोणाचीही वाट बघू नका.

लॅबवाली_ताई
आणि नुसती गोळीच नाही, एसएसच्या पोरांना ताप तसाही जड जातो, प्लीहा अनेकदा लहानपणीच निकामी झालेली असते. न्यूमोकॉकलची लस झालीय का तेही सोमवारी विचारा. सुट्टीआधी एक सीबीसी, शाळा उघडल्यावर एक. डॉक्टरांना आधीच सांगा की मुलगा पाड्यावर जाणार आहे, ते पुरेल एवढ्या गोळ्या आणि कधी थांबवायची ते कागदावर लिहून देतील. त्या गावच्या आशाताईला तो कागद दाखवून ठेवा.

बाप ऊसतोडीला जाताना पोराला सोबत नेऊ नका म्हणावं. न्यायचंच झालं तर बाटली आणि कागद आईच्या पिशवीत, ट्रकच्या सामानात नाही.

आणि दर खेपेला वजन लिहून घ्या मास्तर. डोस वजनावर असतो, सातवी-आठवीत पोरं झपाट्याने वाढतात. पाचवीतल्या डोसवर दहावीत आलेली पोरं माझ्याकडे येतात आणि घरचे म्हणतात, गोळीचा गुण गेला.